राईतला पातेरा राहू द्या : कोकणातल्या देवस्थान समित्यांना खुलं पत्र

प्रति,
देवराई राखणाऱ्या कोकणातल्या गावांचे देवस्थान विश्वस्त, गावकर, मानकरी, गुरव मंडळी आणि मुंबईकर ग्रामस्थ मंडळांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

शिमगा आटोपला की गावोगावी देवळाच्या कामाच्या बैठका सुरू होतात. मे महिन्यात मुंबईकर मंडळी येतात, वर्गणीचा हिशोब मांडला जातो, सभामंडप कुठवर वाढवायचा, आवारात फरशी घालायची की पेव्हर ब्लॉक, हे ठरतं. त्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "राईत केवढा कचरा साठलाय, एकदा सगळी साफ करून घेऊ." कोणी हरकत घेत नाही, कारण स्वच्छतेला हरकत कोण घेणार? दुसऱ्या दिवशी ग्रासकटर येतो, पोरं खराटे घेऊन उतरतात आणि संध्याकाळपर्यंत राईची जमीन अंगणासारखी मोकळी होते. पातेऱ्याचे, म्हणजे गळून पडलेल्या वाळक्या पानांचे, ढीग तिथेच पेटतात.

त्या एका वाक्याला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. देऊळ बांधा, मोठं करा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. देवळाचं आवार झाडा, पायवाट झाडा. पण त्यापलीकडे राईतली जमीन आहे तशी राहू द्या. तिथला पातेरा गोळा करू नका, जाळू नका, मोठ्या झाडांखालची झुडपं तोडू नका. माझं मागणं एवढंच आहे.

हे मी एका पक्ष्यासाठी मागते आहे. त्याचं नाव नवरंग. साळुंकीहून थोडा लहान, वजन पन्नास-साठ ग्रॅम, शेपूट जवळजवळ नसल्यासारखी आखूड. पाठ हिरवी, खांद्यावर आणि शेपटीच्या मुळाशी चकचकीत निळा रंग, पोट बदामी, शेपटीखाली लालभडक, गळा पांढरा, डोळ्यावरून मागे गेलेला जाड काळा पट्टा आणि डोक्याच्या मधोमध काळी रेघ. नर-मादी दिसायला सारखेच. अंगावर एवढे रंग असूनही गावात जन्म काढलेल्या माणसांनी तो पाहिलेला नसतो. तो उजेडात येतच नाही. राईच्या सावलीत, झुडपांखाली, जमिनीवर उड्या मारत फिरतो आणि माणसाची चाहूल लागली की खालच्या खाली सरकून दिसेनासा होतो. अगदीच जवळ गेलात तर भुर्रकन उडतो. त्या वेळी पंखावरचा पांढरा ठिपका तेवढा चमकून जातो.

पाहिला नसला तरी तुम्ही त्याला ऐकलेलं आहे, हे मी खात्रीने सांगते. मिरगाच्या आधी आभाळ भरून येतं आणि वारा पडतो, तेव्हा भल्या पहाटे राईतून दोन स्वरांची खणखणीत शीळ येते. पहिला स्वर वर चढतो, दुसरा खाली येतो. मध्ये थोडी उसंत, की पुन्हा तेच. ढगाळ दिवस असेल तर दुपारीही थांबत नाही. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा जोर धरतो. तमिळनाडूत तो हिवाळा काढतो. तिथे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला शीळ घालतो म्हणून लोकांनी त्याला 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाचं नाव दिलं आहे. आपल्याकडे मात्र तो पावसाची वर्दी घेऊन येतो.

तो येतो कुठून, हेही समित्यांनी ध्यानात घ्यावं असं मला वाटतं. थंडीचे महिने तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. एप्रिल-मेमध्ये उत्तरेकडे निघतो. प्रवास रात्रीचा. काही नवरंग हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जातात, काही मध्य भारतात थांबतात आणि काही आपल्या सह्याद्रीच्या कुशीत, कोकणातल्या रानांत उतरतात. वीण इथेच होते. जून ते ऑगस्ट हा त्यांचा घर-संसाराचा काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरात परत दक्षिणेकडे. लांबच्या प्रवासात थकलेला नवरंग कधी कोणाच्या पडवीत, कधी मुंबईतल्या एखाद्या इमारतीच्या जिन्यात सापडतो. लोक चकित होतात, फोटो काढतात, "परदेशी पोपट सापडला" म्हणून फोन करतात. तो आपल्याच रायांकडे निघालेला असतो. एवढी मजल मारून आलेल्या पक्ष्याला उतरल्यावर पहिली गरज अन्नाची असते, आणि त्याचं अन्न पातेऱ्याखाली असतं.

एका राईच्या कडेला गडग्याआड बसून मी त्याला खाताना पाहिलं आहे. दोन उड्या मारतो, थांबतो. थांबला की आखूड शेपूट हळूच खाली-वर होते. मान कलती करून पातेऱ्याकडे बघतो. चोचीने एक पान उचलून बाजूला भिरकावतो, मग दुसरं, मग तिसरं. खालची ओली माती उघडी पडली की चोच खुपसतो आणि गांडूळ धरतो. गांडूळ ताणलं जातं, तो पाय रोवून मागे रेटा देतो. सुटलं की जमिनीवर दोन-तीनदा आपटून गिळतो. पुन्हा दोन उड्या. दहा-बारा हातांच्या टापूत तो कितीतरी वेळ असाच फिरत होता, आणि ज्या ठिकाणी पातेरा नव्हता, गुरांच्या वाटेवरची जमीन घट्ट आणि उघडी होती, तिथे एकदाही थांबला नाही. उड्या मारत ती वाट ओलांडून पलीकडच्या पानांत गेला.

तुम्हीही एकदा करून पाहा. राईत जिथे अजून कोणी झाडलेलं नाही तिथे खाली बसा आणि हाताने पातेरा थोडा बाजूला करा. वरचा थर कोरडा, अखंड पानांचा. त्याखाली पानं ओली, एकमेकांना चिकटलेली, काहींच्या नुसत्या शिरा उरलेल्या, त्यांतून बुरशीचे पांढरे धागे गेलेले. त्याच्याही खाली पान कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते ते कळत नाही. काळी, भुसभुशीत, पावसाचा वास असलेली. त्यात गांडुळं, वाळवी, पैसा किडे, गोमी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, गोगलगायी. नवरंगाचं सगळं घर-दुकान एवढ्या चार बोटांच्या जाडीत आहे. आता हीच जमीन झाडून पेटवलेल्या ठिकाणी पाहा. वरून भाजलेली, टणक, राखेने पांढुरकी. पहिल्या वळवात ती राख वाहून जाते आणि उघड्या मातीवर पावसाच्या थेंबांनी टवके पडतात. एक ऋतू गेला की नवा पातेरा पडतो हे खरं, पण खालचे थर एका ऋतूत तयार होत नाहीत. ते वर्षानुवर्षं पान न उचलल्याने झालेले असतात.

वेळेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माघ-फाल्गुनात ऐन, किंजळ, बेहडा पानं टाकतात. आंबा, जांभूळ, बकुळ वर्षभर थोडी थोडी गाळतच असतात. म्हणजे चैत्रात राईत सर्वांत जास्त पातेरा असतो, आणि तो डोळ्यांना खुपतोही तेव्हाच. चैत्र-वैशाखात तो झाडला-जाळला जातो. नवरंग उतरतो ज्येष्ठाच्या तोंडावर. बरोबर महिना-पंधरा दिवस आधी आपण त्याचं ताट उचललेलं असतं. बैठकीत कोणीही त्याचं वाईट चिंतलेलं नसतं, पण कामाची तारीख पडते तीच नेमकी त्याच्या मुळावर येते.

उलट बाजूने पाहा. आपल्या देवाच्या मोठ्या दिवसांशी या पक्ष्याचा काहीएक तंटा नाही. शिमग्यात पालखी नाचते, ढोल वाजतात, राईतून माणसांची ये-जा होते, तेव्हा तो इथे नसतो. सिंधुदुर्गातल्या जत्रा कार्तिक-मार्गशीर्षात, रात्रभर दशावतार चालतो, तेव्हाही तो दक्षिणेत पोचलेला असतो. तो असतो आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत, जेव्हा गाव शेतात असतं आणि राईकडे फारसं कोणी फिरकत नाही. देवाच्या रीतीभातीत एकही बदल न करता त्याला जागा देता येते. फक्त एक झाडलोट थांबवायची आहे, आणि ती रीतीत कधी नव्हतीच.

हे मी मनचं बोलत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया गावोगाव फिरून नोंदवल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी राईतलं वाळकं लाकूड किंवा पडलेली पानंसुद्धा उचलायची नाहीत असाच दंडक होता. आठवा, आपल्याच घरातली म्हातारी माणसं काय सांगत. भाजावळीला, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला, पातेरा लागायचा, त्या तरव्यासाठी माणसं कोसभर रानात जाऊन भारे आणायची, कवळ तोडायची, पण देवाच्या राईतला पाचोळा भाजावळीत पडत नसे. चुलीला फाटी कमी पडली तरी राईत कोयती जात नसे. त्या माणसांना गांडुळांचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. देवाचं ते देवाकडेच राहावं, एवढं त्यांना पुरेसं होतं, आणि त्या एका नेमावर ही राई आपल्यापर्यंत पोचली.

आजही राईतलं मोठं झाड तोडायचं तर तुम्ही देवाला कौल लावता. कौल मिळाला नाही तर सभामंडपाचा नकाशा बदलता, हे मी पाहिलं आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एका देवळाच्या पत्र्याच्या शेडमधून सातवीणाचं झाड आरपार गेलेलं आहे, त्याच्यासाठी पत्रा गोल कापला आहे. पण झाडाखालची दिंडा, अंजनी, करवंदीची जाळी, कोवळी रोपं, वेलींची गुंतवळ यांच्यासाठी कौल कोणी लावत नाही. ते सगळं 'झाडी' या एका हिशोबात एका दिवसात जातं. उरतात ती मोठी झाडं. खालून आरपार दिसतं, लोक म्हणतात राई किती छान वाटते आता. मला मात्र तिथे धस्स होतं. उद्याची झाडं त्या झाडीतच होती. आजचा बेहडा किंवा किंजळ वादळात पडला की त्याच्या जागी वाढायला खाली कोणी उरलेलं नाही. आणि नवरंगाला लपायला, घरटं करायला तीच जाळी लागते.

त्याचं घरटं पाहिलंत तर ते घरटं आहे हे पटायचं नाही. वाळकी पानं, काटक्या, मुळं यांचा एक गोळा, बाजूला एक गोल भोक. कधी झुडपाच्या बुंध्याशी जमिनीवरच, कधी थोड्या उंचीवरच्या फांदीच्या बेचक्यात. आत चार-पाच पांढरी, चकचकीत अंडी, त्यांवर जांभळट ठिपके. ग्रासकटर चालवणाऱ्याला तो पाचोळ्याचा एक ढिगाराच वाटणार, त्याचा काय दोष? म्हणून मेच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत राईत ग्रासकटर आणि कोयती दोन्ही नेऊ नका. गणपतीच्या आधी रस्त्याकडेची झाडी मारतात तेव्हा तोच माणूस, तेच यंत्र राईत शिरतं. त्याला आधी सांगून ठेवा. तणनाशक तर राईत कधीच नको.

एक उदाहरण देते, गावाचं नाव न घेता, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि त्यांनी जे केलं ते भक्तीनेच केलं. डोंगराच्या पोटाला राई, मध्ये कौलारू देऊळ, खाली बारमाही झरा. दर पावसाळ्याच्या तोंडावर तिथे मला नवरंगाची शीळ ऐकू यायची, एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, एकमेकांना जबाब देत. मग सुशोभीकरणाचा निधी आला. देवळाभोवतीच्या मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसले, तिथवर ठीक. पण निधी उरला म्हणून ब्लॉक राईत शिरले. झाडांच्या बुंध्यांना सिमेंटचे पार बांधले, बाकडी ठेवली, उंच खांबावरचा प्रखर दिवा, हायमास्ट, लावला, उरलेली जमीन झाडून घेतली आणि दर महिन्याला झाडायला माणूस ठेवला. झाड एकही तोडलं नाही. समितीच्या अध्यक्षांनी मला ते अभिमानाने सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी तिथे पहाटे जाऊन बसले, तर कोकिळ ओरडत होता, बुलबुल होते, वरच्या फांद्यांत तांबट ठोकत होता. जमिनीवरून काहीच आलं नाही. वरचं रान जागेवर आणि खालचं रिकामं, अशी ती राई झाली आहे.

खालून रान रिकामं होतं तेव्हा सगळ्यात आधी जमिनीवरचे पक्षी जातात, हा अनुभव जगभरच्या पावसाळी जंगलांतला आहे. ब्राझीलमध्ये मनाऊस शहराच्या उत्तरेला १९७९ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे. जंगल तुटत असताना तिथे मुद्दाम एक हेक्टर, दहा हेक्टर, शंभर हेक्टर असे तुकडे राखले आणि कोण टिकतं, कोण जातं याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली. छोट्या तुकड्यांतून लवकर नाहीसे झालेल्यांमध्ये जमिनीवर पातेऱ्यात किडे शोधणारे लाजाळू पक्षी ठळक होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत तर न तोडलेल्या, अखंड जंगलातही असे पक्षी पूर्वीपेक्षा कमी झालेले दिसले. आपल्या राया काही गुंठ्यांपासून काही एकरांपर्यंतच्या. चहूबाजूंनी आंब्या-काजूच्या बागा, खाजगी रानांत जळाऊ लाकडासाठी तोड, उन्हाळ्यात वणवे. म्हणजे राई हाच आपला राखलेला तुकडा आहे. त्यातलीही जमीन गेली तर या पक्ष्यांनी जायचं कुठे?

नवरंगाचं त्यातल्या त्यात बरं, तो समुद्र ओलांडून जाणारा पक्षी. एक राई उजाड मिळाली तर दुसरी शोधायला निदान पंख आहेत. जे कायमचे इथलेच, त्यांचं काय? चकोत्री, राखी रानकोंबडी, पाचू कवडा, नारिंगी डोक्याचा कस्तूर, हे सगळे जमिनीवरच्या पानांत अन्न शोधून जगणारे. भल्या सकाळी राईच्या कडेला पानांत खसखस ऐकू येते ती यांच्यापैकी कोणाची तरी असते. नवरंगासाठी जे राखाल त्यात यांचंही भागेल.

आता तुमच्या बाजूने काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे, कारण बैठकांत ते मी ऐकलं आहे. पहिला प्रश्न सापांचा. तो खरा आहे, हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देवळात म्हातारी माणसं येतात, लहान मुलं येतात, अंधारात आरती सुटते. म्हणून देवळाचं आवार आणि वाटेच्या दोन्ही बाजूंचा दोन-दोन हात पट्टा जरूर साफ ठेवा. वाट जांभ्याच्या चिऱ्यांची करा, पायाखालचं दिसेल आणि पाणीही मुरेल. बॅटरीशिवाय राईत पाऊल टाकू नका. पण साऱ्या राईचा पातेरा काढल्याने साप जातात हे मात्र खरं नाही. कोकणात ज्याची सगळ्यात जास्त धास्ती, ते फुरसं तर सावलीच्या ओल्या रानापेक्षा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, दगडांच्या खाली जास्त राहतं.

दुसरा मुद्दा शोभेचा. देवाच्या दारात कचरा बरा दिसत नाही, मुंबईहून पाहुणे येतात, काय म्हणतील? इथे मी मुंबईकर मंडळींशीच बोलते. तुमच्या वर्गणीशिवाय गावातलं एकही देऊळ उभं राहत नाही, तुमचा शब्द बैठकीत वजनाचा आहे. तुम्ही वर्षभर डांबर आणि काँक्रीट तुडवता आणि मेमध्ये चार दिवस गावी येता ते सावलीसाठी, गारव्यासाठी, रातांब्यासाठी. तुम्हीच एकदा सांगा की आम्हाला राई अशीच हवी. प्लास्टिकच्या पिशव्या, अगरबत्तीची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, निर्माल्याच्या कॅरीबॅगा हा कचरा. तो वेचायला पोरांना लावा, मीही येईन. झाडाचं पान कचऱ्यात धरू नका.

हायमास्टबद्दल दोन शब्द. रात्री प्रवास करणारे पक्षी प्रखर दिव्यांनी भरकटतात आणि थकलेले असतात तेव्हा भिंतींवर, काचांवर आपटतात. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनभर आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात आरतीनंतर मोठा दिवा बंद ठेवा. पायरीवर एक साधा दिवा, वरून झाकलेला, खाली उजेड टाकणारा, पुरतो. वीजबिलही वाचेल.

आणखी एक त्रास अलीकडे वाढला आहे. मोठे कॅमेरे घेऊन लोक येतात, मोबाइलवर नवरंगाची रेकॉर्ड केलेली शीळ लावतात. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो बिचारा खाणं सोडून उजेडात येतो, पुन्हा पुन्हा शीळ घालतो. कोणी अळ्या टाकून त्याला ठरावीक ओंडक्यावर बोलावतं, कोणी घरट्यासमोरची झुडपं कापून फोटोसाठी वाट मोकळी करतं. माझ्याच छंदातली ही माणसं आहेत, म्हणून जास्त लाज वाटते. अशांना राईत येऊ द्यायचं की नाही हा अधिकार गावाचा आहे आणि तो तुम्ही वापरा. कायदाही तुमच्या पाठीशी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं ही शिकारच धरली आहे, आमिष दाखवणंही त्यातच मोडतं. देवळाच्या फलकावर चप्पल बाहेर काढा असं लिहिता, त्याखाली एक ओळ लिहा : राईत पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत, घरट्याजवळ जाऊ नये.

पाण्याचं तर तुम्हाला मी सांगायची गरज नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. अशा दिवसांतही कित्येक गावांत राईखालचा झरा किंवा देवाची बाव (विहीर) आटत नाही. पातेऱ्यावर पाऊस पडतो तेव्हा तो धावत नाही, झिरपतो. ज्या जमिनीत नवरंग गांडूळ शोधतो तीच जमीन तुमच्या पाटाचं पाणी धरून ठेवते. पेव्हर ब्लॉक आणि भाजलेली माती पहिल्या सरीत पाणी वहाळाला देऊन मोकळी होते.

मी काही अशक्य मागत नाही. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला रानजायफळांची दलदलीची राई आहे, देवाची म्हणून राखलेली, आणि ती आता जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली आहे. प्रत्येक राईला असा दर्जा मिळणार नाही, मिळायलाही नको. पण प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असते, लोक जैवविविधता नोंदवही असते. त्या वहीत आपल्या राईचं पान उघडा. कुठली झाडं, कुठल्या वेली, गारंबी आहे का, सुरंगी आहे का, झरा कधी आटतो, पावसाळ्याआधी नवरंगाची पहिली शीळ कोणत्या तारखेला ऐकली. शाळेतली मुलं हे आनंदाने करतील. ती तारीख दर वर्षी लिहिली गेली तर दहा वर्षांनी तुमच्या गावाकडे अशी नोंद असेल जी कोणत्याही विद्यापीठाकडे नाही.

आणि बैठकीत एक ठराव घ्या. देवळाचं आवार आणि वाट सोडून राईतला पातेरा काढला जाणार नाही, जाळला जाणार नाही. मे अखेर ते सप्टेंबर अखेर राईत कोणतंही यंत्र, कोयती, बांधकाम नाही. नवं बांधकाम आहे त्या चौथऱ्याबाहेर जाणार नाही. ज्या गावांत कौलाशिवाय असा निर्णय होत नसेल तिथे कौल लावा, गाऱ्हाण्यात हा विषय घ्या. सिंधुदुर्गात जिथे देवस्थानाची जमीन पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येते, तिथे ठरावाची प्रत त्यांनाही पाठवा, म्हणजे उद्या ठेकेदार नकाशा घेऊन आला तर दाखवायला कागद असेल.

ठरावाचा मसुदा साध्या मराठीत लिहून तयार आहे. ज्या समितीला हवा असेल तिला देईन. बोलावलंत तर बैठकीलाही येईन, प्रश्न येतील त्यांची उत्तरं देईन, आणि पहाटे उठायची तयारी असेल त्यांना राईच्या कडेला घेऊन जाऊन शीळ ऐकवीन. फक्त बैठक मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा. त्यानंतर उशीर होईल.

आपली नम्र,
कोकणातल्या रायांतून पक्षी पाहत फिरणारी एक शिक्षिका